मिठी नदी रुळांवर आली!

दोस्तांनो, उद्या शाळेत गेलात की वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. मुंबईत नद्या किती?

बहुतेक जण हसतील. "मुंबईत समुद्र आहे रे, नदी कुठली?" असंच म्हणतील. पण उत्तर ऐकल्यावर त्यांचे डोळे मोठे होतील. मुंबईत चार नद्या आहेत. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी! पहिल्या तीन दूर उपनगरांत आहेत. चौथी मात्र तुम्ही अनेकदा ओलांडलेली असणार. मध्य रेल्वेनं दादरहून कुर्ल्याला जाताना शीव स्टेशन मागे पडलं की गाडी एका पुलावरून धडधडत जाते. पश्चिम रेल्वेनं माहीमहून वांद्र्याला जातानाही असाच पूल लागतो. दोन्ही पुलांखाली तीच मिठी. खिडकीतून बघताना आपण नाक दाबून "ई, केवढा हा नाला!" म्हणतो ना, तो नाला नव्हे. ती नदी आहे.

एरवी ही नदी कुणाच्या खिजगणतीतही नसते. पण २६ जुलै २००५ या दिवशी तिनं आपली ओळख अख्ख्या मुंबईला करून दिली. रस्ते, घरं, विमानतळ आणि रेल्वेचे रूळ, सगळं तिनं पाण्याखाली घेतलं. तेव्हा तुमचा जन्मही झाला नसेल. पण तुमचे आई-बाबा तेव्हा कॉलेजात असतील किंवा नुकतेच नोकरीला लागले असतील. त्यांना नुसतं "सव्वीस जुलै" एवढंच म्हणून बघा. साल सांगायचीही गरज पडणार नाही!

तो मंगळवार

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या, लोकल नेहमीसारख्या भरभरून धावल्या. दुपारी दोननंतर मात्र उपनगरांवर पाऊस असा काही कोसळायला लागला की समोरचं दिसेना.

गंमत बघा. मुंबईचा पाऊस मोजण्याची हवामान खात्याची दोन मुख्य ठिकाणं आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. दोन्हींत अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या २४ तासांत कुलाब्याला पाऊस पडला ७३ मिलिमीटर. म्हणजे आपल्या पावसाळ्यातला एक साधारण दिवस. आणि सांताक्रूझला? ९४४ मिलिमीटर!

त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना काही कळेचना. बाहेर तर एवढा पाऊस नाही, मग गाड्या का बंद? लोक स्टेशनवर येत, इंडिकेटरकडे बघत, परत जात. लोकल म्हणजे एका दोरीत ओवलेल्या मण्यांसारख्या असतात. शीव-कुर्ल्याला रूळ बुडाले, की तिथली गाडी थांबते. तिच्या मागची थांबते, मग तिच्याही मागची. बघता बघता ही रांग दादर, परळ, भायखळा करत थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत पोचते. पाणी एका जागी आणि खोळंबा सगळीकडे!

संध्याकाळ झाली. उपनगरांत ठिकठिकाणी वीज गेली. मोबाईल फोन तेव्हा आजच्यासारखे घरोघरी नव्हते. जे होते तेही लागेनात. आपली मुलं कुठे आहेत ते आई-बाबांना कळेना, आई-बाबा कुठे अडकलेत ते मुलांना कळेना. कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेच्या बाकांवर काढली. त्यांच्याबरोबर त्यांच्या बाई आणि सरही राहिले.

हजारो माणसं चालत निघाली. कुणी दादरहून ठाण्याला, कुणी त्याही पुढे. रस्त्यांवर पाणी म्हणून कित्येकांनी रुळांची वाट धरली. वाटेतल्या चाळींतल्या, इमारतींतल्या माणसांनी अनोळखी लोकांना चहा दिला, बिस्किटं दिली, रात्री झोपायला जागा दिली. मुंबईकर आजही अभिमानानं त्या रात्रीबद्दल सांगतात, ते यासाठी.

पण ही गोष्ट नुसती अभिमानाची नाही, हेही सांगायला हवं. कुणी पुरात वाहून गेलं, कुणी कोसळलेल्या दरडीखाली सापडलं, कुणी बंद मोटारीच्या काचा उघडता न आल्यामुळे आत अडकलं. त्या दिवसांत महाराष्ट्रात हजारावर माणसं दगावली. त्यांतली कित्येकशे मुंबईतली होती.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती?

चला, थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे!

९४४ मिलिमीटर म्हणजे मीटरला जेमतेम साडेपाच सेंटिमीटर कमी. सपाट जमिनीवर हे पाणी जागच्या जागी साठलं असतं, तर पाचवीतल्या मुलाच्या कमरेच्या वर आलं असतं.

आता तुमच्या वर्गाचं छप्पर घ्या. समजा ते ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झालं ४८ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की पाणी होतं १ लिटर. म्हणजे ४८ गुणिले ९४४. उत्तर येतं ४५,३१२ लिटर! दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. एका वर्गाच्या छपरावर, एका दिवसात. आता सगळ्या उपनगरांच्या छपरांचा विचार करा.

हे पाणी न्यायचं कुणी? गटारांनी. मुंबईची पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी गटारं ब्रिटिशांच्या काळातली. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढं पाणी ती नेऊ शकत, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे गटारांच्या ताकदीच्या साडेसातपट!

दुर्दैव असं, की नेमकी त्याच वेळी भरती होती. दुपारी चारच्या सुमारास समुद्र जवळजवळ साडेचार मीटर चढला होता. आपल्या गटारांची आणि नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात. समुद्रच चढला तर पाणी बाहेर पडणार कसं?

हे घरी करून पाहता येईल. एक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळापासून बोटभर वर मोठ्या माणसाकडून एक भोक पाडून घ्या. बाटली रिकाम्या बादलीत उभी धरून पाणी ओता. भोकातून धार लागेल. ही झाली ओहोटी. आता बादली अर्धी भरा आणि बाटली रिकामी करून पुन्हा तशीच आत धरा. पाणी बाहेर जाण्याऐवजी बादलीतलंच आत शिरेल! ही झाली भरती. आता वरून बाटलीत पाणी ओतत राहा आणि काय होतं ते बघा. तो वरचा ओघ म्हणजे सव्वीस जुलैचा पाऊस.

मिठीची वाट कुणी अडवली?

मिठी नदी निघते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरांतून. १८६० साली तिथे विहार तलाव बांधून झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. विहार तलाव भरून वाहू लागला की ते पाणी म्हणजे मिठी. पुढे पवई तलावाचं जादा पाणी तिला मिळतं. तिथून साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी करत जवळजवळ अठरा किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीत समुद्राला भेटते.

नदीला पावसाळ्यात पसरायला जागा लागते. जुन्या काळी ती होती. काठावर पाणथळ जमीन होती, खाडीत तिवरांची दाट झाडी होती. जादा पाणी तिथे पसरायचं आणि ओहोटी आली की सावकाश निघून जायचं.

मग शहर वाढलं. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदीला वाट काढावी लागली. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी पाणथळ जमिनीवर भराव पडला. काठावर कारखाने, गोदामं, झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांचा कचरा आणि सांडपाणी नदीतच. पात्र अरुंद झालं, उथळ झालं. सव्वीस जुलैला विहार आणि पवई दोन्ही तलाव भरून वाहिले आणि एवढं सगळं पाणी त्या चिंचोळ्या पात्रात आलं. ते मावणार कुठे? ते कुर्ल्यात, कलिन्यात आणि रुळांवर पसरलं.

दादर-परळ का तुंबतं?

आता तुम्ही म्हणाल, मिठी तर शीवच्या पलीकडे. मग दादर, परळ, हिंदमाता का तुंबतं? बरोबर प्रश्न! इथलं पाणी मिठीचं नसतं. इथे दुसरीच गोष्ट आहे, आणि ती सांगायला तीनशे वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा मुंबई एक नव्हतीच. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, धाकटा कुलाबा आणि कुलाबा अशी सात बेटं होती. भरतीला त्यांच्या मधून समुद्राचं पाणी आत यायचं, ओहोटीला चिखल उरायचा. ठिकाणांची नावंच बघा ना. चिखलपाणी तुडवून येणारी माणसं जिथे पाय धूत, ती पायधुणी. उमरखाडीच्या नावात तर खाडीच आहे. 'दादर' या जुन्या शब्दाचा अर्थ जिना किंवा पूल. आणि शीव म्हणजे सीमा. जिथे बेट संपायचं ती जागा.

अठराव्या शतकात महालक्ष्मीजवळ बांध घालून समुद्राचं पाणी अडवलं गेलं. मग हळूहळू मधल्या खोलगट जागा भरत गेल्या. १८४५ साली माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, ती शीव-कुर्ल्यामधल्या दलदलीवर भराव घालूनच. बेटं जोडली गेली खरी, पण मधली जमीन बशीसारखी खोलगटच राहिली. हिंदमाता म्हणजे अशाच एका बशीचा तळ! दादर, परळ, लालबागचं पाणी उतारानं तिथे जमतं. तिथून ते पूर्वेला, रे रोडच्या बाजूनं समुद्रात जायचं असतं. भरती असेल तर ते जातच नाही.

पूर्वी या भागात गिरण्या होत्या. गिरण्यांच्या आवारात पाण्याची तळी असत, मोकळी मातीची जमीन असे. थोडं पाणी तिथे जिरायचं. आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती आणि फरशी घातलेली अंगणं आली. फरशी पाणी पीत नाही.

म्हणून कुठलं स्टेशन आधी तुंबतं याची एक यादी केली आणि जुन्या सात बेटांचा नकाशा शेजारी ठेवला, तर मजा येईल. कितीतरी ठिकाणी आजचं पाणी नेमकं कालच्या खाडीत उभं असतं!

पाण्यात लोकल का थांबते?

"एवढंसं पाणी तर आहे! मोटरमन गाडी का नाही नेत?" प्लॅटफॉर्मवर उभं राहून असं म्हणणारे काका तुम्ही नक्की पाहिले असतील. त्यांना आता तुम्ही उत्तर देऊ शकाल.

पहिलं कारण, लोकलची मोटर. गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटरी डब्याच्या खाली, चाकांच्या आसाजवळ बसवलेल्या असतात. रुळाच्या माथ्यावर चार इंचांहून जास्त पाणी आलं, की ते मोटरीत शिरण्याची भीती असते. त्याआधीही गाडी अगदी हळू न्यावी लागते, कारण वेगानं गेली तर चाकांमुळे लाटा उसळतात. सव्वीस जुलैला ५०हून अधिक लोकल गाड्यांचं पाण्यानं नुकसान झालं. त्या दुरुस्त होईपर्यंत गाड्या कमी, गर्दी तेवढीच!

दुसरं कारण, सिग्नल. रुळांच्या प्रत्येक तुकड्यातून विजेचा एक छोटासा प्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली, की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाहाची वाट बदलते आणि मागचा सिग्नल लाल होतो. पाण्यात रूळ बुडाले की हा प्रवाह पाण्यातून गळू लागतो. यंत्रणेला वाटतं, पुढे गाडी उभी आहे. सिग्नल लाल! यात एक मोठं शहाणपण आहे बरं का. ही यंत्रणा मुद्दामच अशी बनवली आहे, की बिघडली तर सिग्नल लाल व्हावा, हिरवा कधीच होऊ नये. उशीर झाला तर चालेल, टक्कर होता कामा नये.

तिसरं कारण, सांधे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे विजेच्या यंत्रानं हलतात. ही यंत्रं अगदी जमिनीलगत असतात, म्हणून सगळ्यात आधी तीच बुडतात.

आणि चौथं कारण डोळ्यांना दिसतच नाही. रुळांखाली खडी पसरलेली असते. वाहतं पाणी ती खडी उचलून नेतं. वरून पाणी शांत दिसतं, पण खाली रूळ नुसते अधांतरी लोंबकळत असू शकतात. मोटरमनला ते कसं कळणार? म्हणून तो थांबतो. पाण्यात थांबलेल्या गाडीवर चिडू नका. ती तुमच्यासाठीच थांबलेली असते.

खाली उतरायचं की नाही?

गाडी थांबली, तास झाला, दोन तास झाले. उतरून चालत जावं का? हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणा ना कुणापुढे येतो. दोन खऱ्या घटना ऐका.

२९ ऑगस्ट २०१७. गणपतीचे दिवस होते. सांताक्रूझला एका दिवसात ३३१ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या, परळ, एल्फिन्स्टन रोड भागात रस्त्यांवर पाणी भरलं. (या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव पुढच्याच वर्षी प्रभादेवी झालं.) घरी चालत निघालेले एक नामांकित डॉक्टर त्या पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दगावले. पाणी गढूळ होतं. झाकण उघडं आहे हे दिसण्याची काही सोयच नव्हती. त्याच रात्री जवळपासच्या गणेश मंडळांनी, गुरुद्वारांनी, शाळांनी अडकलेल्या माणसांसाठी दारं उघडली होती, जेवणं वाढली होती.

दुसरी घटना २०१९ सालची. तारीख पुन्हा २६ जुलै! रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे महालक्ष्मी एक्स्प्रेस निघाली. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीला पूर आला होता. गाडी तिथे अडकली. पहाट झाली तेव्हा चहूकडे पाणीच पाणी, जणू रुळ नाहीतच आणि गाडी नदीत उभी आहे! आत सुमारे १०५० प्रवासी. त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती, नऊ गरोदर बायका होत्या.

रेल्वेनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. गाडीतून खाली उतरू नका, मदत येते आहे. डब्याची जमीन रुळापासून चारेक फूट उंच असते. डबा जड, पक्का, वर छप्पर. बाहेर मात्र वाहतं पाणी. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले. नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली, आसपासच्या गावांतली माणसं धावली. होडीतून थोडी थोडी माणसं करत दुपारपर्यंत सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. पुढे कोल्हापूरला जाण्यासाठी कल्याणहून खास गाडीही सोडली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की उत्तर कळतं. कोरड्या, उंच जागी असाल तर तिथेच थांबा. उशीर झाला म्हणून आई रागावेल? मुळीच नाही. तुम्ही सुखरूप आहात एवढंच तिला हवं असतं.

त्यानंतर काय बदललं?

सव्वीस जुलैनंतर सरकारनं डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे आपले मराठी जलतज्ज्ञ. पाण्यासाठीचा स्टॉकहोमचा मानाचा पुरस्कार त्यांना १९९३ मध्ये मिळाला होता. समितीनं पूर का आला आणि काय करायला हवं ते तपशिलानं सांगितलं. मिठीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम सुरू झालं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झेलतील अशी गटारं करण्याची योजना १९९३ पासून कागदावर पडून होती, तिलाही गती आली.

भरतीच्या वेळी गटारांची तोंडं बंद करून पाणी पंपानं समुद्रात फेकायचं, यासाठी पंपिंग स्टेशनं बांधली गेली. हाजीअली, वरळी आणि रे रोडला ती आहेत. रे रोडचं २०१६ मध्ये सुरू झालं ते खास परळ, लालबाग, हिंदमातासाठी. तिथला एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. आपण मघाशी मोजलेलं वर्गाच्या छपराचं पाणी त्याला आठ सेकंदांचंसुद्धा काम नाही! हिंदमाताजवळ मैदानांच्या खाली मोठ्या टाक्याही बांधल्या आहेत. भरती असताना पाणी त्यांत साठवायचं आणि नंतर समुद्रात सोडायचं.

२००५ साली मुंबईत ढगांवर नजर ठेवणारं डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आहे आणि २०२२ पासून अंधेरीजवळ वेरावलीलाही आहे. मॅनहोलच्या झाकणांखाली आता जाळ्या बसवल्या जातात.

मग प्रश्न सुटला का? नाही. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, पण जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रूळ अजूनही बुडतात. आणि पंप कितीही मोठा असला, तरी गटारात अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या वाटेत उभी राहतेच. ती पिशवी कुणी टाकली, हे मात्र आपल्याला चांगलंच ठाऊक असतं!

हे लक्षात ठेवा

● शाळेत असताना पाणी भरलं तर बाई किंवा सर सांगतील तोपर्यंत शाळेतच थांबा. मित्र निघाला म्हणून तुम्ही निघू नका.

● गाडी मध्येच थांबली तर रुळांवर उडी मारू नका. पोलीस किंवा रेल्वेची माणसं उतरवतील तेव्हाच उतरा. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते. रुळांखालच्या मोऱ्या पाण्यात दिसत नाहीत.

● वाहत्या पाण्यात पाय घालू नका. गुडघाभर पाण्याला वेग असेल तर ते मोठ्या माणसालाही पाडतं. गढूळ पाण्याखाली खड्डा आहे की मॅनहोल, ते कुणालाच दिसत नाही.

● पाणी लवकर जावं म्हणून कुणी मॅनहोलचं झाकण उघडत असेल, तर मोठ्यांना सांगून त्याला थांबवा.

● विजेच्या खांबाला, तुटलेल्या तारेला, पाण्यातल्या लोखंडी पेटीला हात लावू नका.

● साठलेल्या पाण्यातून यावंच लागलं, तर घरी आल्यावर साबणानं पाय धुवा. पायाला जखम असेल किंवा नंतर ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. २००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

आई-बाबांसाठी, आणि तुमच्यासाठीही

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद घ्या. त्यावर चार गोष्टी लिहा. पाऊस वाढला तर मुलांनी कुठे थांबायचं? शाळा आणि घर यांच्यामध्ये ओळखीचं कुणाचं घर आहे? फोन लागला नाही तर निरोप कुणाकडे ठेवायचा? आणि कुणी, कुणाला, कुठे घ्यायला जायचं? त्याखाली तीन नंबर लिहा. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६, तातडीच्या मदतीचा ११२ आणि रेल्वेचा १३९. आई-बाबांचे फोन नंबर मात्र कागदावर लिहून भागणार नाही. ते तोंडपाठच हवेत. मोबाईल भिजला की त्यातले नंबरही त्याच्याबरोबर बुडतात!

तो कागद स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा चिकटवा आणि त्याची एक प्रत दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा. कागद लिहून झाला की आई-बाबांना विचारा, "सव्वीस जुलैला तुम्ही कुठे होतात? घरी कसे पोचलात? वाटेत कुणी मदत केली?" ते जे सांगतील ते वहीत उतरवून काढा. कुठलं स्टेशन, कुठला पूल, पाणी किती चढलं, सगळं लिहा. मग वर्गातल्या पाच-सहा जणांनी आपापल्या वह्या आणून मुंबईच्या नकाशावर त्या जागा निळ्या पेन्सिलीनं रंगवा.

नकाशा तयार झाला की शाळेच्या भिंतीवर लावा. पुढच्या पावसाळ्यात कुठे सांभाळून राहायचं, ते तुमच्या शाळेतल्या धाकट्या मुलांनाही कळेल.